महामार्ग आणि गावचा रस्ता



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आम्हांला गणित शिकविले. उदाहरण सोडविण्यापूर्वी काय मोजावयाचे ते ठरवा, असा त्यांचा आग्रह असे. पुढे माझे आयुष्य रस्त्यांच्या कामात गेले आणि नेमकी तीच शिकवण मी पुष्कळ वर्षे विसरलो. आज त्याची कबुली द्यावयाची आहे.

हळ्ळीखेड (बी) मधील ‘बी’ म्हणजे बुजुर्ग. आपला हुमनाबाद तालुका दोन मोठ्या वाटांचा सांधा आहे. पुण्याहून सोलापूरमार्गे हैदराबादकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ६५, म्हणजे जुन्या मंडळींचा नऊ नंबरचा रस्ता. आणि बिदरहून कलबुर्गी-विजयपूरकडे जाणारा महामार्ग ५०. लांब पल्ल्याचे ट्रक, उसाच्या ट्रॉल्या, बस, टमटम, बैलगाडी आणि दप्तर अडकवलेली सायकल या साऱ्यांना वाट एकच. कोंडी होते ती केवळ वाहने वाढली म्हणून नव्हे. दूरचा प्रवासी आणि शेजारच्या गावी निघालेला माणूस एकाच पट्ट्यात येतात म्हणून.

आम्ही अभियंते रहदारी कशी मोजतो? इंडियन रोड्स काँग्रेसच्या ग्रामीण रस्त्यांविषयीच्या १९९० च्या मार्गदर्शिकेत मोटार म्हणजे एक एकक, बस वा ट्रक तीन, ट्रॉलीसह ट्रॅक्टर साडेचार, बैलगाडी आठ आणि सायकल अर्धे. रस्त्याची किती जागा अडते हे त्यातून कळते; किती माणसे पोहोचली हे कळत नाही. बसमध्ये पन्नास माणसे असोत वा ती रिकामी धावो, कागदावर ती तीनच. पायी चालणाऱ्याला तर त्या कोष्टकात आकडाच नाही. मी अशी कोष्टके वर्षानुवर्षे भरली आणि प्रत्येक वेळी उत्तर एकच आले : रस्ता रुंद करा.

आता गुरुजींच्या पद्धतीने माणसे मोजू. पन्नास प्रवाशांची बस तीन एकके जागा घेते. दोघादोघांनी निघालेली पन्नास माणसे मोटारींतून पंचवीस एकके घेतात. एका भरलेल्या बसने बावीस मोटारींची जागा मोकळी होते. भारताच्या २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाचे सूत्रही हेच होते : वाहनांची नव्हे, माणसांची सोय पाहावी.

ही दृष्टी आपल्या भागाला परकी नाही. १९३२ साली निजामाच्या संस्थानात २७ बसगाड्यांनिशी सरकारी बससेवा सुरू झाली, ती चालविली रेल्वेच्या खात्याने. रेल्वे आणि बस ही एकाच संसाराची दोन चाके मानली गेली होती. बिदर-कलबुर्गी हा ११० किलोमीटरचा लोहमार्ग २९ ऑक्टोबर २०१७ रोजी वाहतुकीस खुला झाला. गाडीच्या वेळेला स्थानकाच्या दारात बस उभी नसेल, तर उतारू पुन्हा टमटमनेच महामार्गावर येणार.

केवळ बांधकामावर विसंबल्याचे फळ याच महामार्गाच्या टोकावरील पुण्याने पाहिले. एके काळी सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाणारे ते नगर मोटारसायकलींनी भरले आणि विद्यापीठ चौकातील उड्डाणपूल २०२० साली पाडावे लागले. आपल्याच राज्यात हुबळी-धारवाड दरम्यान सुमारे २२ किलोमीटरचा स्वतंत्र बसमार्ग झाला. फेब्रुवारी २०२० मध्ये त्याचे औपचारिक उद्घाटन झाले. बसला वेग आला, परंतु उरलेल्या पट्ट्यांतील गर्दीबद्दल तक्रारीही झाल्या. एकाच अंगाने केलेली सुधारणा पुरत नाही.

मग आपण काय मागावे? माझ्या मते क्रम असा असावा. प्रथम गावाजवळ सेवारस्ता आणि महामार्गाखालून जाणारी वाट. ती दूर बांधली, तर दुभाजकामुळे माणसे उलट्या दिशेनेच वाहने हाकतात. दुसरे, सायकल व पादचाऱ्यांसाठी कठड्याने वेगळी केलेली पट्टी. तिसरे, मुख्य पट्ट्याबाहेर बसथांबा आणि रेल्वेशी जुळलेले वेळापत्रक. रुंदीकरण त्यानंतर. वळणरस्ता झाला तर धंदा बसेल, अशी रस्त्याकाठच्या दुकानदारांना भीती वाटते. ती खोटी नाही, म्हणून आराखडा करताना त्यांनाही बोलवावे.

हा प्रश्न केवळ सोयीचा नाही. २०२२ साली देशात रस्ते-अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली. एकूण रस्त्यांच्या लांबीत राष्ट्रीय महामार्गांचा वाटा सुमारे दोन टक्के. मृत्यूंत मात्र एक तृतीयांशाहून अधिक.

२००६-०७ पासून कर्नाटक शासनाने सरकारी शाळांतील आठवीच्या मुलामुलींना काही वर्षे सायकली दिल्या. सायकल दिली, ती चालविण्याची वाट दिली नाही. सायकल हाती आली तेव्हा कित्येक मुलींची शाळा टिकली असेल. रस्त्याच्या भीतीने त्यांपैकी एकीचीही सुटू नये.

विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे. एक दिवस शाळेच्या वाटेवर वही घेऊन उभे राहा. वाहने मोजू नका, माणसे मोजा; पायी चालणारी आधी. ती वही ग्रामस्थांनी अधिकाऱ्यांपुढे ठेवावी. जे कोष्टक मी भरावयास हवे होते, ते तुम्ही भराल. गुरुजींना तीच खरी श्रद्धांजली होईल.