पडद्यावरचे गाव आणि पडद्याबाहेरचे गाव

(करकंब, ता. पंढरपूर, जि. सोलापूर येथील ग्रामस्थांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



आरसा माणसाचे रूप दाखवितो; पण ते घडवीत नाही. प्रसारमाध्यमांना समाजाचा आरसा म्हणण्याचा प्रघात आहे. ही उपमा अपुरी आहे. वृत्तपत्र, नभोवाणी, चित्रपट आणि आता हातातला भ्रमणध्वनी ही माध्यमे समाजाचे रूप दाखवितात आणि दाखविता दाखविता घडवितातही. काय दाखवायचे आणि काय वगळायचे हे कोणीतरी ठरवीत असते. त्या निवडीमागे भांडवल असते, बाजार असतो आणि निवडणाऱ्याची दृष्टीही असते.

मराठी वृत्तपत्रसृष्टीचा आरंभ बाळशास्त्री जांभेकरांच्या ‘दर्पण’ने 1832 साली झाला. नावच आरशाचे! परंतु त्या आरशात शेतकरी आणि कष्टकरी यांचे मुख दिसावे म्हणून कृष्णराव भालेकरांना 1877 साली ‘दीनबंधु’ काढावा लागला. आणि ज्यांना वाचाच नाकारली गेली होती त्यांच्यासाठी 31 जानेवारी 1920 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘मूकनायक’ सुरू केला. इतरांनी आपल्याविषयी लिहिणे आणि आपण आपल्याविषयी लिहिणे यांत किती अंतर आहे, हे या तीन नावांवरून ध्यानात येते.

चित्रपटांत हेच अंतर अधिक ठळकपणे दिसते. व्ही. शांताराम यांच्या ‘पिंजरा’ने 1972 साली महाराष्ट्राला वेड लावले. तमाशातील स्त्रीच्या मोहाने आदर्श शिक्षकाचा अधःपात होतो, ही त्याची कथा. तिचे मूळ मात्र मराठी खेड्यात नाही. ते ‘द ब्लू एंजल’ या 1930 च्या जर्मन चित्रपटात आणि त्याआधीच्या जर्मन कादंबरीत आहे. चित्रपट म्हणून त्याचे यश निर्विवाद आहे. तथापि ज्या शहरी प्रेक्षकाने फडावरचा तमाशा कधी पाहिला नव्हता, त्याच्या मनात तमाशाचे आणि तमाशातील स्त्रीचे चित्र ठसले ते असल्या पडद्यावरूनच. फडावर राबणाऱ्या कलावंतिणीचे कष्ट आणि तिचे ऋण त्या चित्रात कितीसे आले?

त्यानंतर थोड्याच वर्षांत, पंढरपूरला जन्मलेल्या डॉ. जब्बार पटेल यांनी विजय तेंडुलकरांच्या पटकथेवरून ‘सामना’ काढला. हा चित्रपट 1975 साली बर्लिनच्या महोत्सवात दाखविला गेला. साखर कारखानदारीतून उभी राहिलेली सत्ता आणि तिला प्रश्न विचारणारा एक फाटका मास्तर, हा त्याचा विषय. ऊस आणि सहकार ज्यांच्या अंगणातले आहेत, त्या करकंबसारख्या गावांतील प्रेक्षकाला हिंदुराव धोंडे पाटील ओळखण्यासाठी दुभाष्याची गरज पडली नसेल.

अलीकडचे उदाहरण तर आपल्याच जिल्ह्याचे आहे. करमाळा तालुक्यातील जेऊरचे नागराज मंजुळे यांचे ‘फँड्री’ (2013) आणि ‘सैराट’ (2016) हे चित्रपट येथील मातीतले आणि येथील बोलीतले. मराठी पडद्यावर गावरान बोली तोवर बहुधा विनोदासाठी योजली जाई. ती या चित्रपटांत नायक-नायिकेच्या तोंडी आली. प्रेमाची झाली, संतापाची झाली. अकलूजच्या रिंकू राजगुरूच्या अभिनयाची राष्ट्रीय पुरस्कारात विशेष दखल घेतली गेली. आपण बोलतो ती भाषा लाजेची नाही, हा विश्वास शाळकरी मुलांना अनेक परिपत्रकांनी मिळाला नसता, तो त्यामुळे मिळाला.

परंतु पुढचा भागही पाहिला पाहिजे. ‘सैराट’चे 2018 साली हिंदीत ‘धडक’ झाले. कथा उदयपूरला गेली, वेशभूषा झगमगीत झाली आणि मूळ कथेचा कणा असलेला जातीचा प्रश्न पुसट झाला. मोठ्या बाजारपेठेत माल खपवायचा, तर टोचणारे काटे आधी काढले जातात. उद्योगाची ही रीत आहे.

याहून गंभीर गोष्ट वृत्तपत्रांच्या मथळ्यांत घडली. आंतरजातीय विवाह केलेल्या तरुण-तरुणीची हत्या झाली की ‘सैराटची पुनरावृत्ती’ असे छापण्याची प्रथा पडली. अत्याचाराकडे बोट दाखविणाऱ्या चित्रपटाचे नाव त्या अत्याचारालाच चिकटले. अशा मथळ्याने खून हा कथेचा शेवट वाटू लागतो. तो गुन्हा आहे, त्याला कायद्याने शिक्षा आहे आणि मृताला नाव होते, हे मागे पडते. शब्दांची ही बेफिकिरी समाजाला परवडणारी नाही.

मग प्रेक्षकाने करावे काय? याचे एक उत्तर महाराष्ट्रानेच दिले आहे. 1956 साली युनेस्कोच्या साहाय्याने आकाशवाणीच्या पुणे केंद्राने पाच जिल्ह्यांतील सुमारे 150 खेड्यांत शेतकरी श्रोतृमंडळांचा प्रयोग केला. कॅनडातील अशाच उपक्रमाचे उदाहरण समोर होते. अर्ध्या तासाचे 20 कार्यक्रम, आठवड्यातून दोन. गावकरी एकत्र बसून ऐकत, मग चर्चा करीत आणि आपल्या शंका व निर्णय केंद्राला कळवीत. पुढील कार्यक्रमांत त्यांची उत्तरे दिली जात. ज्या गावांत अशी मंडळे होती तेथील ज्ञानात, नुसता रेडिओ असलेल्या गावांपेक्षा पुष्कळच अधिक भर पडली, असे टाटा समाजविज्ञान संस्थेच्या पाहणीत आढळले. यंत्र दोन्हीकडे तेच होते. फरक होता तो चर्चेचा.

आज पडदा प्रत्येकाच्या खिशात आहे आणि जो तो एकेकटा पाहत आहे. श्रोतृमंडळातील चावडी मात्र ओस पडली आहे. ती पुन्हा भरविणे अशक्य नाही. शाळेत, ग्रंथालयात, महिला बचत गटात एखादा चित्रपट वा एखादी बातमी घेऊन चार प्रश्न विचारता येतील : हे कोणी सांगितले? कोणासाठी सांगितले? यातून कोणाला लाभ? आणि यात कोण दिसत नाही? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर शोधू लागलेले गाव केवळ प्रेक्षक राहत नाही. त्याच गावातून उद्याचा भालेकर, उद्याचा मंजुळे उभा राहतो.