जशी आहे तशी

पुण्याहून ताम्हिणी घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर पौड मागें पडलें कीं मुळशी धरणाच्या परिसरांत माले हें गांव लागतें. अशा गांवच्या कुटुंबाला मोटार ही चैनीची वस्तु वाटत नाहीं. अपरात्रीं आजाऱ्याला पुण्यास न्यावयाचें झाल्यास तीच उपयोगीं पडते. नवी मोटार आवाक्याबाहेरची असते, म्हणून सांठविलेला पैसा जुन्या मोटारींत घातला जातो. सौदा ठरतो आणि विकणारा कागदावर एक ओळ लिहून घेतो: ‘मोटार जशी आहे तशी घेतली, पुढें तक्रार चालणार नाहीं.’ महिन्याभरानें घाटाच्या उतारावर ब्रेक दगा देतो, तेव्हां घेणाऱ्यास वाटतें कीं त्या एका ओळीनें आपले हात कायमचे बांधले गेले. हा समज अर्धा खरा आणि अर्धा खोटा आहे.

प्रथम खरा भाग पाहूं. १९३० चा मालविक्रीचा कायदा मालाच्या गुणाची हमी सरसकट देत नाहीं; पारख करण्याचें काम तो घेणाऱ्यावरच सोंपवितो. विकणाऱ्यास आपलें प्रयोजन सांगून त्याच्या जाणतेपणावर विसंबून माल घेतला, किंवा त्याच मालाच्या व्यापाऱ्याकडून वर्णनावरून तो घेतला, तर मात्र कांहीं हमी गृहीत धरली जाते. तरीहि व्यापाऱ्याकडील माल घेणाऱ्यानें तपासला असेल, तर तपासणींत सहज दिसावयास हवा होता असा दोष त्याला मागाहून पुढें करतां येत नाहीं. शिवाय, अशी हमी उभयपक्षीं करार करून सोडूनहि देतां येते. झिजलेले टायर किंवा धूर ओकणारें इंजिन यांविषयीं सहीनंतर तक्रार करणें त्यामुळें कठीण होतें.

आतां खोटा भाग. त्या ओळीचें पांघरूण लबाडीवर घालतां येत नाहीं. धांवलेल्या किलोमीटरांचा आंकडा मागें फिरविणें, अपघातांत वांकलेला सांगाडा रंगाखालीं दडविणें, पुरांत बुडालेली मोटार धुऊनपुसून निर्दोष म्हणून विकणें, हीं कृत्यें १८७२ च्या कराराच्या कायद्यानें कपट ठरतात. आणि कपटानें झालेला करार रद्द करून मागण्याचा हक्क घेणाऱ्यास राहतो.

परंतु विकणारा नुसता गप्प राहिला तर? याचें उत्तर त्याच कायद्यांतील घोड्याच्या उदाहरणांत आहे. घोडा सदोष आहे हें ठाऊक असूनहि मालकानें लिलावांत तो मुकाट्यानें विकला, तर तें कपट नव्हे. मात्र आपण नाकारलें नाहीं तर घोडा निकोप आहे असें समजूं, असें घेणाऱ्यानें बजावलें आणि मालक तरीहि गप्प राहिला, तर तें मौन बोलण्यासारखेंच मानलें जातें. घोड्याच्या जागीं मोटार आली, तरी तत्त्व बदललेलें नाहीं. सौद्यापूर्वीं लेखी विचारावें: अपघात झाला होता काय? इंजिन उघडलें होतें काय? पाण्यांत बुडाली होती काय? कर्ज बाकी आहे काय? या प्रश्नांना मिळालेलें उत्तर हाच पुढें घेणाऱ्याचा पुरावा होतो.

‘जशी आहे तशी’ हे शब्द मोटारीच्या स्थितीविषयीं आहेत, मालकीविषयीं नव्हेत. विकण्याचा हक्क विकणाऱ्यास असलाच पाहिजे. आर. सी. बुकावर बँकेचा बोजा असेल, तर बँकेच्या लेखी संमतीवांचून नांव बदलत नाहीं. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणें राज्यांतल्या राज्यांत विक्री झाल्यास विकणाऱ्यानें १४ दिवसांत व घेणाऱ्यानें ३० दिवसांत परिवहन कार्यालयास कळवावयाचें असतें. विम्यावरील नांवाकरितां अर्जहि घेणाऱ्यानें १४ दिवसांत करावयाचा असतो. यांत विकणाऱ्याचेंहि हित आहे. एक मोटार हातोहात विकली गेली, आर. सी. बुकावर जुन्याच मालकाचें नांव राहिलें आणि पुढें अपघात झाला. त्या प्रकरणीं २०१८ सालीं सर्वोच्च न्यायालयानें भरपाईची जबाबदारी नोंदलेल्या मालकावरच टाकली.

दाद कोठें मागावी, हें विकणारा कोण यावर अवलंबून असतें. व्यापाऱ्याकडून घरच्या वापरासाठीं घेतलेल्या मोटारीबद्दल २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वयें दोन वर्षांच्या आंत जिल्हा आयोगाकडे जातां येतें. शेजाऱ्यानें आपली घरची मोटार विकली, तर तो व्यापारी ठरत नाहीं. मग उरतो तो दिवाणी न्यायालयाचा लांबचा रस्ता.

म्हणून सहीपूर्वीं ओळखीचा मिस्त्री बरोबर घ्यावा, इंजिन व चॅसीचे क्रमांक बुकाशीं ताडून पाहावे, गालिचा उचलून खालीं गंज किंवा चिखल आहे काय हें पाहावें, आणि मोटार दिवसाउजेडीं चढउतारावर चालवून पाहावी. मिस्त्रीची मजुरी त्या वेळीं जड वाटते. कोर्टाच्या खेपांपुढें ती कांहींच नव्हे. विकणारा लेखी उत्तर देण्याचें टाळूं लागला, तर तेवढ्यावरूनच शहाण्या माणसानें काय तें समजावें आणि पैसे खिशांतच ठेवावे.