शुल्काची मर्यादा आणि आपले कर्तव्य



याच बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १९०६ साली प्राथमिक शिक्षण राज्यभर सक्तीचे व मोफत केले. उच्च शिक्षणाच्या बाबतीत पुढे २००७ साली गुजरात विधानसभेने कायदा केला आणि खासगी व्यावसायिक महाविद्यालयांचे शुल्क ठरविणे समितीच्या हाती गेले. हे योग्यच झाले. परंतु कायदा शुल्काला आळा घालतो. खाणावळ, पुस्तके, जाण्यायेण्याचे भाडे यांना नव्हे. माझी एक हुशार विद्यार्थिनी प्रवेश मिळूनही परगावी राहण्याच्या खर्चापायी घरी बसली. शुल्क तिच्या वडिलांच्या आवाक्यात होते! ते शल्य अजून जात नाही. म्हणून विश्वस्तांना नम्र विनंती : यापुढे शिष्यवृत्ती देताना शुल्काच्या पावतीबरोबर खाणावळीचे बिलही पाहावे.