रोजच्या आज्ञांचा मेनू



काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करून संगणक चालवणं हे मोठ्या शहरातल्या तज्ज्ञांचं काम, असा आपल्याकडे समज आहे. एखाद्याला ते येतं, बाकीचे त्याच्यावर अवलंबून राहतात. हे अवलंबित्व कमी करणाऱ्या एका छोट्या साधनाविषयी मी आज बोलणार आहे.

समजा, एखाद्या आडत दुकानातला संगणक लिनक्सवर चालतो. कांद्याचे लिलाव आटोपले की संध्याकाळची कामं ठरलेली: दिवसभराच्या हिशेबाच्या पट्ट्यांची प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्यायची, डिस्कवर जागा किती उरली ते पाहायचं, महिन्याच्या फायली एकत्र बांधून ठेवायच्या. त्यासाठी ‘आरसिंक’, ‘डीएफ’ आणि ‘टार’ या आज्ञा आहेत. पण प्रत्येकीसोबत पर्याय आणि फोल्डरचे पूर्ण पत्ते लागतात. ते पाठ असलेला मुलगा शिकायला बाहेरगावी गेला की काम थांबतं.

मेनू इथे उपयोगी पडतो. एका साध्या मजकुराच्या फायलीत दर ओळीला कामाचं नाव आणि त्याची आज्ञा लिहायची. प्रोग्राम ती फाईल वाचतो, क्रमांक घालून यादी दाखवतो. आपण आकडा दाबला की ती आज्ञा चालते. नवं काम वाढवायचं तर फायलीत एक ओळ वाढवायची, प्रोग्रामला हात लावायचा नाही. विकत काहीच घ्यावं लागत नाही. शेल म्हणजे टाइप केलेल्या आज्ञा चालवणारा प्रोग्राम. डेव्हिड कॉर्न यांच्या शेलमधून आलेली ‘सिलेक्ट’ ही यादीतून निवडण्याची सोय लिनक्सवरच्या ‘बॅश’ या शेलमध्ये आहेच. मोजक्या ओळींत असा मेनू उभा राहतो.

आणि तो मराठीत असू शकतो. युनिक्स या संगणकप्रणालीचा पहिला शेल लिहिणाऱ्या केन थॉम्प्सन यांनीच १९९२ मध्ये रॉब पाइक यांच्यासोबत ‘यूटीएफ-८’ ही अक्षरांची संकेतपद्धती रचली. त्यामुळे ‘पट्ट्यांची प्रत घ्या’ ही ओळ देवनागरीत लिहिता येते.

मात्र काही पथ्यं पाळलीच पाहिजेत. ‘कांदा पट्टी’ अशा नावातल्या मोकळ्या जागेमुळे शेल त्याचे दोन तुकडे करतो, म्हणून नाव अवतरणचिन्हांत घाला. काही पुसणारी आज्ञा असेल, तर ‘हो’ टाइप केल्याशिवाय ती चालू देऊ नका. मेनूची फाईल बदलण्याचा अधिकार सर्वांना देऊ नका, कारण त्या फायलीत जो लिहितो, त्याची आज्ञा तुमच्या नावावर चालते. वाचण्याची मुभा मात्र सर्वांना असावी. आज्ञा चालण्याआधी ती पडद्यावर पूर्ण दिसू द्या. रोज डोळ्यांखालून गेलेली आज्ञा हळूहळू समजू लागते, आणि आकडा दाबणारा माणूस पुढे स्वतः ओळ लिहू लागतो.

विद्यार्थी मित्रांनो, मुंबईच्या आयआयटीच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात लिनक्स आणि बॅशचे पाठ मराठीतही आहेत; ऐकता ऐकता करून पाहायचे, अशी त्यांची रचना आहे. ते पाहा. मग तुमच्या प्रयोगशाळेतली रोज लागणारी पाच कामं निवडा आणि त्यांचा मेनू मराठीत लिहा. तुम्ही शिकायला, नोकरीला कुठेही जा. जाण्याआधी तुमच्यानंतर येणाऱ्याला ती फाईल वाचायला आणि बदलायला शिकवा. ज्ञान गावात टिकवायचं, तर ते असं लिहून आणि शिकवूनच टिकेल.