कौतिकला कुणी देवी करू नये



1912 साली वऱ्हाडातल्या अकोल्यात मराठी साहित्य संमेलन भरलं, तेव्हा अध्यक्षपदी कादंबरीकार होते, हरि नारायण आपटे. त्यांच्या 'पण लक्षात कोण घेतो'मधली यमू 'करमणूक' साप्ताहिकाच्या अंकांतून आपली कहाणी सांगू लागल्याला तेव्हा वीसेक वर्षं उलटली होती. वऱ्हाडाच्या मातीतली कौतिक मात्र वाचकाला भेटायला 1960 साल उजाडावं लागलं. त्या वर्षी उद्धव शेळके यांची 'धग' ही कादंबरी आली, कौतिक तिची नायिका.

'धग' वाचताना वाचकाच्या पोटात कालवतं, ते दारिद्र्यामुळं नव्हे. दारिद्र्य मराठी कादंबरीत पुष्कळ येऊन गेलं होतं. इथं कुणावर राग काढावा हेच कळत नाही. कौतिकचा नवरा महादेव शिंपी आहे. तो आळशी आहे, कच खाणारा आहे, संसाराचं ओझं बायकोच्या डोक्यावर टाकून मोकळा होणारा आहे. वाचक त्याच्यावर चिडतो आणि पुढं त्याच महादेवला महारोग होतो. रक्तपिती माणसाला घर आणि गाव दोन्ही परकं करत असे, असा तो काळ. अमरावतीला शिवाजीराव पटवर्धनांनी तपोवन उभारलं ते अशाच टाकून दिलेल्या माणसांसाठी. ज्याच्यावर मघापर्यंत दात-ओठ खाल्ले, त्याच माणसासाठी वाचकाचा जीव तुटू लागतो. शेळक्यांची खरी ताकद ती हीच.

आणि कौतिक? समीक्षेनं तिला सोशिक भारतीय नारीच्या मखरात बसवण्याचा मोह पुष्कळदा धरला आहे. तो तिच्यावर अन्याय आहे. ती हट्टी आहे, स्वाभिमानी आहे, तिची जीभ तिखट आहे. पहाटे भाकरी थापून, लेकरं शेजारणीच्या भरवशावर टाकून, कमरेला खुरपं खोचून निंदणाला जाणाऱ्या आणि सांजच्याला मजुरी पदराच्या गाठीत बांधून परतणाऱ्या बाया वऱ्हाडानं पिढ्यान्‌पिढ्या पाहिल्या. त्या बाया भांडतात, तोंड टाकतात, कधी पोराच्या पाठीत धपाटाही घालतात. कौतिक त्यांच्यातलीच आहे. धाकट्या मुलानं, नामानं, शिकावं ही तिची आस खरी, आणि तिच्या हट्टापायी ती स्वतः पिचत जाते हेही तितकंच खरं. शेळके तिला जिंकवत नाहीत.

राग कुणावर काढावा हेच न कळण्याचा हा धागा पुढं सदानंद देशमुखांच्या 'बारोमास'मध्ये सापडतो. 2004 साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळालेली ही कादंबरी. शिकलेला, नोकरीसाठी पैसे मोजू न शकणारा एकनाथ आणि शेतकऱ्याच्या घरात जीव न रमणारी अलका, या नवरा-बायकोच्या भांडणात वाचकाला कुणाचीच बाजू धडपणे घेता येत नाही. दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत, दोघंही चुकतात. वर्तमानपत्रात शेतकरी आत्महत्यांचा आकडा छापून येतो. एकनाथाची चिडचिड, बापाशी होणारे खटके त्या आकड्यात मावत नाहीत.

तेव्हा अमरावती-अकोल्याच्या मराठीच्या प्राध्यापकांना या व्यासपीठावरून एकच विनंती आहे. 'धग' शिकवायला घेतलीत तर 'कौतिकचे स्वभावचित्रण' या प्रश्नाच्या नोट्स पहिल्या तासाला देऊ नका. आधी वऱ्हाडी संवादांची चार पानं वर्गात मोठ्यानं वाचा, आणि वाचायला ज्या मुलीच्या घरी अजून तशीच बोली चालते, तिला उभी करा.