दौडीपूर्वीचे हात
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



मराठ्यांच्या घोड्यांविषयी बोलावे, अशी मंडळाची आज्ञा झाली. आपणांस अटकेपर्यंतच्या दौडीचे वर्णन अपेक्षित असेल, हे मी जाणून आहे. परंतु माझे आयुष्य तबेल्यात गेले. कोवळी शिंगरे आणि तरुण घोडी शिकविणे हा माझा व्यवसाय. म्हणून आज दौडीविषयी न बोलता दौडीपूर्वीच्या हातांविषयी बोलेन.

ज्या तमिळ भूमीत आपण राहतो, तेथूनच आरंभ करू. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलो येथील पांड्यांच्या राज्यात आला. होर्मुझ, एडन आणि अरबस्तान येथून घोडे भरून आलेली गलबते कायल बंदरास लागत. राजे मोठ्या किमती देऊन हजारो घोडे घेत आणि वर्षअखेर त्यांतील फारच थोडे जगत, असे तो लिहितो. घोड्याची निगा राखण्याचे ज्ञान नव्हते. त्यास शिजविलेले मांस व भात चारीत. आणि खप चालू राहावा म्हणून परदेशी व्यापारी आपले नालबंद इकडे येऊ देत नसत. प्रवाशाच्या कथनात अतिशयोक्ती असेल, येथील दमट हवेचाही दोष असेल. तथापि मर्म खरे आहे. द्रव्याने घोडा मिळतो, पागा मिळत नाही.

या चित्राची दुसरी बाजू याच प्रदेशात, जिंजी येथे, लिहिली गेली. सतराव्या शतकाच्या अखेरच्या दशकात छत्रपती राजारामांच्या आज्ञेवरून कृष्णाजी अनंत सभासद यांनी शिवछत्रपतींची बखर रचली. तीत पागेची व्यवस्था दिली आहे. सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर, स्वतःचा घोडा आणणारा तो शिलेदार. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, आणि पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी व एक नालबंद. पाणी पाजणारा आणि नाल ठोकणारा यांना सैन्याच्या रचनेत नेमून दिलेली जागा होती, हे ध्यानी घ्यावे.

१६७४ च्या राज्याभिषेकाच्या सुमारास महाराजांनी चिपळूणकडील छावणीच्या अधिकाऱ्यांना पाठविलेले पत्र तर प्रत्येक मराठी घरात वाचले जावे. पावसाळ्यासाठी साठविलेला दाणा आणि वैरण बेताने खर्च करा. आताच उधळाल तर पुढे घोडी उपाशी मरतील, आणि ती तुम्हीच मारली असे होईल. रयतेच्या गवताच्या काडीसही हात लावू नका. जळत्या दिव्याची वात उंदीर ओढून नेईल आणि गवत पेटेल, इतकीही काळजी त्यात आहे.

आता शिक्षणाकडे वळू. तरुण घोड्यावर पहिले कित्येक दिवस खोगीर चढवावयाचेच नसते. रोज खरारा करावा, मानेवरून, पोटाखालून, पायांवरून हात फिरवावा, एकेक खूर उचलून पुन्हा अलगद ठेवावा. मग मोरकी घालून लांब दोरावर गोल फिरवावे. यास मराठीत ‘कावा देणे’ म्हणतात. ‘गनिमी कावा’ म्हणताना आपणांस केवळ डावपेच आठवतो. त्या शब्दाचा तबेल्यातील हा अर्थ आपण विसरलो. दोन्ही अंगांनी सारखा कावा घेऊ लागल्यावर रिकामे खोगीर, सैल तंग. आणि स्वार सर्वांत शेवटी.

हे सारे ठाऊक असून मी एकदा घाई केली. पाहुणे पाहावयास येणार होते. मी एका तरुण घोडीचा तंग एकदम आवळला. ती उधळली आणि दोर धरून उभ्या असलेल्या वृद्ध मोतद्दाराचे मनगट मोडले. मी चाबूक उचलला, तेव्हा तो जमिनीवरूनच म्हणाला, “साहेब, तिला मारू नका. तिने आपल्याला सांगितले होते. आपण ऐकले नाही.” खरेच, तिचे कान मागे वळले होते आणि ती श्वास रोखून होती. दुसऱ्या दिवसापासून हात गळ्यात बांधून तो तिच्यासमोर उभा राही, डाव्या हातात मूठभर भिजविलेले हरभरे घेऊन. तिने पुन्हा खोगीर घेण्यास तीन महिने लागले. ते तीन महिने मी तिला नव्हे, स्वतःला शिकविले.

तंजावरच्या सरस्वती महालाने १९५२ साली नकुलाचे ‘अश्वशास्त्र’ प्रसिद्ध केले. आपणांपैकी अनेकांना ते ग्रंथालय दूर नाही. मुलांना घेऊन अवश्य जावे. घोड्यांची लक्षणे ग्रंथात सापडतात. दोर किती ताणावा आणि केव्हा सोडावा, हे मात्र एका हाताकडून दुसऱ्या हाताकडेच जाते. ज्या मोतद्दारांनी ते जपले, त्यांची नावे बखरीत नाहीत. मागे उरले ते त्यांचे शब्द: खरारा, तोबरा, तंग, कावा, अगाडी-पिछाडी. पन्नास वर्षे मराठी जपणाऱ्या या मंडळाच्या घराघरांतून ते अर्थासह बोलले जावेत, एवढीच त्या अनाम हातांच्या वतीने माझी विनंती.