पाय वारकऱ्यांचे दाबतो, आपले कधी?

आषाढी वारीत पालख्या आपल्या सोलापूर जिल्ह्यात येतात. माउलींची पालखी माळशिरस, वेळापूरवरून येते, तुकोबांची अकलूजवरून. वाटेवरच्या गावांत आपण बाया वारकऱ्यांना बसवतो, गरम पाणी देतो, पायांना तेल चोळतो. मागच्या वारीत एका म्हाताऱ्या माळकरणीनं आमच्यातल्या एकीचा हात धरला आणि म्हणाली, "लेकी, माझ्यापेक्षा तुझ्याच टाचा जास्त फाटल्यात गं!"

पुढच्या बैठकीत आम्ही सगळ्यांनी पाय पुढे केले. कुणाच्या टाचेला भेगा, कुणाच्या बोटांत चिखल्या. तळपायाच्या कातडीत तेल तयार करणाऱ्या ग्रंथीच नसतात. त्यात काळं रान, ऊन आणि अनवाणी चालणं. मग टाच फाटणारच. तेव्हा आम्ही ठरवलं, दर शनिवारी संध्याकाळी अर्धा तास आपल्या पायांचा. शहरात पार्लरमध्ये यालाच पेडिक्युअर म्हणतात. आपल्याला लागतं ते सगळं घरातच आहे.

घमेल्यात कोमट पाणी घ्या, मूठभर मीठ टाका. भेगेतून रक्त येत असेल तर मीठ नको, झोंबतं. दहा-पंधरा मिनिटं पाय बुडवून निवांत बसा. मग टाचा वज्रीनं हलक्या हातानं घासा. ब्लेडनं कातडी कापू नका. जोडवी सरकवून खालचा मळ काढा. पाय पुसताना बोटांच्या बेचक्या कोरड्या करा, ओल राहिली की चिखल्या होतात. नखं सरळ कापा, कोपऱ्यात खोल नको.

आता तेल. खोबरेल, तिळाचं, नाहीतर आमसुलाचं. आमसुलाचं तेल घट्ट असतं, थोडं पातळ करून भेगांत भरा. बेचक्यांत मात्र तेल नको. घरात काशाची वाटी असेल तर तळपायाला तूप लावून वाटीनं चोळा. तूप काळं झालं की उष्णता निघाली असं म्हणतात. खरं तर तो काळेपणा वाटीच्या धातूचा असतो. पण चोळल्यानं पाय हलके होतात आणि झोप छान लागते, हे आम्ही अनुभवलंय. नंतर सुती मोजे घालून झोपा.

आता महत्त्वाचं. पहिल्याच शनिवारी आमच्या एका काकू घमेल्यात पाय टाकून म्हणाल्या, "पाणी गारच आहे, अजून गरम ओता." शेजारच्या सुनेनं पाण्यात हात घातला तर तिला चटका बसला! काकूंना बऱ्याच वर्षांची शुगर. त्यांच्या पायांची जाणीवच कमी झाली होती आणि ते कुणालाच माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी आम्ही त्यांना दवाखान्यात नेलं. वेळेवर कळलं म्हणून बरं.

म्हणून पाणी आधी कोपरानं पाहा, पायानं नको. शुगर असेल तर पाय भिजत ठेवू नका, वज्रीही नको. नुसते धुवा, पुसा, तेल लावा, आणि रोज तळपाय पाहा. खाली वाकता येत नसेल तर आरसा जमिनीवर ठेवा, नाहीतर नातवाला पाहायला सांगा. काटा रुतला तरी कळत नाही, आणि तीच जखम पुढे चिघळते. मुंग्या येत असतील, पाय बधिर वाटत असतील, जखम भरत नसेल तर घरगुती लेप लावत बसू नका. आशाताईंना सांगा, प्राथमिक आरोग्य केंद्रात जा.

या शनिवारी बैठक झाली की घमेलं मांडा. एकमेकींचे पाय चोळा आणि नीट पाहाही. आपल्याला न दिसलेलं मैत्रिणीला दिसतं. वारकऱ्यांचे पाय तर आपण पुढच्या आषाढीलाही दाबूच.